नादारी

मागच्या वर्षी ऐन पावसाळ्यात माझ्या हातून एक चूक झाली. चूक लहानशीच, पण अजून बोचते. त्या चुकीमुळेच मी चार महिने ही सगळी पुस्तकं धुंडाळली, म्हणून आधी तीच सांगते.

तुमच्यापैकी काही जणांना माहीत आहे की दर बुधवारी मी आमच्या तालुक्याच्या कोर्टाच्या आवारातल्या मोफत कायदे सल्ला केंद्रात बसते. सल्ला मी देत नाही हं! तो पॅनलवरच्या वकीलबाई देतात. माझं काम आलेल्या माणसाला बसवायचं, पाणी द्यायचं, त्याचं म्हणणं ऐकून सुवाच्य अक्षरात अर्ज लिहायचा आणि त्याचे कागद तारखेप्रमाणे लावायचे. पस्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे तारखेप्रमाणे लावणं एवढं एक बरं जमतं.

तर त्या बुधवारी वकीलबाई आल्या नव्हत्या. एक चाळिशीची बाई आली. शेतावर मजुरीला जाणारी. वडील वारल्यावर भावांनी "सही कर, वारसाची नोंद करायचीय" म्हणून तिचा अंगठा घेतला होता. तो निघाला हक्कसोडपत्रावर. हातात झेरॉक्स, तीही पावसाने ओली. मी मोठ्या आत्मविश्वासाने तिला सांगितलं, "मोफत वकील मिळेल, पण आधी तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला आण."

ती गेली. तलाठी भेटला नाही म्हणून एक दिवस, सेतूत गर्दी म्हणून दुसरा. दोन दिवसांची मजुरी बुडाली. पुढच्या बुधवारी दाखल्याची पावती घेऊन आली, तेव्हा वकीलबाईंनी मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "बाई, स्त्रियांना उत्पन्नाची अट नसते. कलम १२." मी शरमेने मान खाली घातली. वाचलं होतं मी ते. पण गरीब म्हटलं की आधी त्याने गरिबी सिद्ध करावी, हे माझ्या हाडात इतकं मुरलेलं की जीभ आपोआप तेच बोलली.

ते कुठून मुरलं तेही सांगते.

माझी आक्कामावशी ऐन तिशीत विधवा झाली. दिरांनी तिला एक खोली दिली आणि जमिनीचं नाव काढू नको म्हणून बजावलं. १९५६ चा हिंदू वारसा कायदा होऊन सात वर्षं झाली होती. म्हणजे नवऱ्याच्या हिश्श्यावर तिचा पुरा हक्क होता. पण वाटपाचा दावा लावायचा तर कोर्ट फी स्टँप लागणार, तो मालमत्तेच्या किमतीवर. आक्काकडे कुठले पैसे! तेव्हा गावातल्या एका जाणत्या माणसाने सुचवलं, नादारीत दावा लाव.

नादारी हा शब्द आमच्या पिढीला शाळेतला. फी माफ असलेल्या मुलांना 'नादारी आहे' म्हणत. कुणाला पूर्ण, कुणाला अर्धी. मलाही अर्धी होती. वर्गात नावं वाचली जात तेव्हा मी वहीत डोकं खुपसून बसायची. तोच शब्द कोर्टातही आहे हे मला आक्काच्या अर्जामुळे कळलं.

१९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत त्यासाठी एक अख्खा आदेश आहे, तेहतिसावा. त्यात गरिबाची व्याख्या होती : फी भरण्याइतकी ऐपत नसलेला, आणि जिथे फी ठरलेली नाही तिथे अंगावरचे आवश्यक कपडे आणि दाव्यातली मालमत्ता सोडून ज्याच्याकडे शंभर रुपयांचंही काही नाही असा. अर्जासोबत स्वतःच्या सगळ्या चीजवस्तूंची किमतीसह यादी द्यायची. मग सरकारी वकिलाला आणि समोरच्या पक्षाला नोटीस जाणार, आणि हा अर्जदार गरीब नाहीच असा पुरावा आणायची त्यांना मुभा!

ती यादी माझ्या अक्षरात झाली. मी तेरा वर्षांची होते, अक्षर चांगलं म्हणून मला बसवलं. तांब्याचा हंडा, दोन पातेली, जातं, एक पत्र्याची ट्रंक, गोधड्या. आक्का सांगत होती, मी लिहीत होते. मध्येच ती थांबली आणि म्हणाली, "पाटल्या लिहू नको गं." आईच्या पाटल्या होत्या त्या, विकायच्या नाहीत म्हणून डाळीच्या डब्यात ठेवलेल्या. मी लिहिल्या नाहीत. दिरांना नोटीस गेली आणि त्यांनी नेमकं तेच सांगितलं की हिच्याकडे सोनं आहे. आता कोर्टात उभं राहून डाळीचा डबा उघडायची वेळ आली. आक्काने अर्ज मागे घेतला. जमीन गेली ती गेलीच. "मी चोर ठरले असते," एवढंच ती पुढे कधीतरी बोलली.

असो. गरिबाला वकील मिळावा ही कल्पना आपल्याकडे १९७६ नंतर आली असं मी समजत होते. ते तसं नाही, आणि हे वाचताना मला खरंच आनंद झाला, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

१२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यात सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांवर उठाव केला. दख्खनचे दंगे म्हणून आपण शाळेत दोन ओळींत शिकवतो. त्या लोकांनी मुख्यतः कर्जरोखे जाळले. का? तर सावकार रोखा घेऊन कोर्टात जाई, कुळ येतच नसे, एकतर्फी हुकूमनामा होई. कागद एकाला वाचता येई, दुसऱ्याला नाही. सरकारने चौकशी केली आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. त्यात दाव्याआधी समेट घडवणारे कन्सिलिएटर नेमले, कर्जाचा मुळापासून हिशेब तपासायचं बंधन न्यायाधीशावर घातलं. हे सगळं थोडंफार माहीत होतं. पण याच कायद्यात आणखी एक तरतूद आहे जी मी कधी कुणाला शिकवली नाही. समोरच्या बाजूने वकील उभा असेल आणि शेतकऱ्याला वकील करायची ऐपत नसेल, तर न्यायाधीशाने त्याच्या संमतीने सरकारी वकिलाला किंवा दुसऱ्या योग्य माणसाला त्याच्यातर्फे उभं राहायला सांगावं. १८७९! रोखे जाळल्यावर का होईना, सुचलं.

त्याच साली वासुदेव बळवंत फडक्यांवर पुण्यात खटला चालला आणि त्यांचं वकीलपत्र सार्वजनिक काकांनी, म्हणजे गणेश वासुदेव जोशींनी घेतलं. सरकारविरुद्ध बंड करणाऱ्याचा बचाव करणं म्हणजे सरकारच्या नजरेत येणं, हे काय त्यांना ठाऊक नव्हतं? पण आरोपीला वकील हवा म्हणजे हवा.

मुंबईत गिरण्यांच्या वस्तीत हे काम वेगळ्या वाटेने आलं. नारायण मल्हार जोशींनी १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग काढली. रात्रशाळा, वाचनालयं, दवाखाने यांच्याबरोबर निरक्षर गरिबांना कायद्याचा सल्ला देणं हेही तिच्या कामात होतं. पोलीस कोर्टात जाऊन मदत करणारी माणसंही तिने ठेवली होती. परळचं दामोदर हॉल तुम्ही नाटकांमुळे ओळखत असाल. १९२४ मध्ये डॉ. आंबेडकरांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली तेव्हा तिचं कार्यालय याच दामोदर हॉलमध्ये होतं. बॉम्बे लीगल एड सोसायटी नावाची वकिलांची संस्थाही त्याच दशकातली.

म्हणजे चांगली माणसं होती, काम होत होतं. पण ते सगळं त्या माणसांच्या दारापर्यंत पोचणाऱ्याला. आमच्या गावातून परळ कुठे!

स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये मुंबई सरकारने न्या. एन. एच. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. अहवाल झाला, पण अंमलबजावणी पैशापाशी अडली. आक्काची यादी मी लिहीत होते तेव्हा तो अहवाल कुठल्यातरी कपाटात होता. पुढे १९७० मध्ये गुजरात सरकारने तशीच समिती नेमली आणि तिचे अध्यक्ष होते पी. एन. भगवती, आधीच्या भगवतींचे चिरंजीव. वडिलांचं अर्धं राहिलेलं काम मुलाकडे आलं! त्यानंतर न्या. कृष्ण अय्यर यांची समिती, मग बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने आलेलं कलम ३९-अ. त्या दुरुस्तीबद्दल बाकी काय बोलायचं ते बोला (मी स्वतः आणीबाणीत पुष्कळ बोलले होते, स्वयंपाकघरात), पण पैशाअभावी कुणाचा न्याय अडू नये हे वाक्य घटनेत तिच्यामुळे आलं. ३ जानेवारी १९७७ पासून. नादारीच्या आदेशातली शंभर रुपयांची अट हजार झाली तीही १९७६ च्याच दुरुस्तीने, आणि 'पॉपर' हा शब्द तेव्हा कायद्यातून गेला.

आता एक गंमत. कैद्याला अपिलासाठी मोफत वकील मिळण्याचा हक्क ज्या खटल्याने पक्का झाला, तो १९७८ चा होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य. हा अर्जदार कोण? विद्यापीठात रीडर, डॉक्टरेट झालेला, आणि गुन्हा काय, तर दुसऱ्या विद्यापीठाच्या बनावट पदव्या छापायचा प्रयत्न! माझ्यासारख्या मास्तरणीच्या जिवाला हे वाचून किती यातना झाल्या ते विचारू नका. सत्र न्यायालयाने त्याला कोर्ट उठेपर्यंतची शिक्षा दिली, उच्च न्यायालयाने ती वाढवून तीन वर्षं केली. निकालाची प्रत येरवडा तुरुंगात पाठवली होती, पण मला मिळालीच नाही, असं त्याचं म्हणणं. चार वर्षांहून अधिक उशिराने तो सर्वोच्च न्यायालयात गेला, तोवर शिक्षा भोगूनही झाली होती. त्याचा अर्ज फेटाळला गेला. पण कृष्ण अय्यरांनी त्या निमित्ताने सांगून ठेवलं की निकालाची प्रत कैद्याला फुकट आणि वेळेत द्या, ती मिळाल्याची लेखी पोच घ्या आणि ऐपत नसेल तर अपिलाला वकील द्या.

पुढच्याच वर्षी रुस्तमजींचे लेख आले. हे के. एफ. रुस्तमजी आपल्या नागपूरजवळच्या कामठीचे, सीमा सुरक्षा दलाचे पहिले प्रमुख. बिहारच्या तुरुंगांत खटला न चालता वर्षानुवर्षं पडलेल्या माणसांबद्दल त्यांनी जानेवारी १९७९ मध्ये इंडियन एक्स्प्रेसमध्ये लिहिलं. ते वाचून कपिला हिंगोरानी या वकीलबाई सर्वोच्च न्यायालयात गेल्या. तो हुसैनारा खातून खटला.

आणि १९८२ मध्ये पत्रकार शीला बारसे मुंबईच्या मध्यवर्ती तुरुंगात पंधरा स्त्री-कैद्यांशी बोलल्या. पाच जणींनी पोलीस कोठडीत मार बसल्याचं सांगितलं. बारसेंनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं, साधं पत्र. न्यायालयाने निर्मला निकेतनच्या संचालिका डॉ. ए. आर. देसाई यांना तुरुंगात जाऊन पाहायला सांगितलं, आणि फेब्रुवारी १९८३ च्या निकालात आदेश दिले : बायकांची कोठडी वेगळी, पहाऱ्याला स्त्री पोलीस, आणि अटक होताच जवळच्या विधी साहाय्य समितीला कळवायचं. त्याच प्रकरणात असंही निघालं की दोन परदेशी कैदी बायकांना वकिलानेच फसवून त्यांच्या चीजवस्तू हडपल्याची तक्रार होती. सोनं घेऊन कोर्टात जाणाऱ्या बाईची कथा सगळीकडे एकच बहुतेक.

विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला १९८७ ला, अंमलात आला ९ नोव्हेंबर १९९५ पासून. त्याच्या बाराव्या कलमात स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, अपंग, कोठडीतले, कामगार, आपत्तीत सापडलेले अशांची यादी आहे. यांना उत्पन्न विचारायचं नाही. उत्पन्नाची मर्यादा बाकीच्यांसाठी. आणि महाराष्ट्रात १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेने पोटगी, घटस्फोट, हिंसाचार यांबरोबर मालमत्तेच्या तंट्यांतही स्त्रियांना कोर्ट फी माफ झाली. या मालमत्तेच्या तंट्यांत नक्की काय काय येतं यावर मात्र पुढे पुष्कळ वाद झाले.

आक्का १९९१ साली गेली. पाटल्या तिने माझ्या लग्नात माझ्याच हातात घातल्या होत्या.

त्या मजूर बाईची मी माफी मागितली. ती गोंधळली. "बाई, तुम्ही कशाला? दाखला काय, पोरांच्या शाळंला लागंलच की," म्हणाली. मला जास्तच वाईट वाटलं. दोन दिवसांच्या मजुरीचं पाकीट दिलं ते तिने घेतलं नाही. वकीलबाईंनी हक्कसोडपत्र रद्द करून वाटप मिळावं म्हणून दावा दाखल केला आहे. फी माफीच्या अर्जाला भावांच्या वकिलाने हरकत घेतली आहे, त्यावर अजून आदेश व्हायचा आहे. तिची कैफियत मी लिहून घेतली तेव्हा माझ्या टेबलाच्या काचेखाली, मला दिसेल अशा बाजूला, बारावं कलम कागदावर लिहून ठेवलं होतं. ते अजून तिथेच आहे.

पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे. काय होतं ते कळवीन.