माल, मार्का आणि गोष्ट

गेल्या वर्षींची हकीकत आहे. आमच्या गल्लींतील पांचसहा बायकांनीं मिळून पापड, मेतकूट आणि भाजणी करून विकण्याचा एक लहानसा उद्योग आरंभिला. माल चोख होता. पण गिऱ्हाईक कांहीं ओळखीपाळखीच्या चार घरांपलीकडे जाईना. तेव्हां त्यांच्यापैकीं एकीच्या मुलानें सुचविलें कीं, आजकाल लोक मालाच्या आधीं मालाची गोष्ट ऐकतात. आपण मोबाईलवर दोन मिनिटांचें चित्रण करूं आणि गोष्ट गुरुजींकडून लिहून घेऊं. मुलांना गोष्टी सांगण्यांत ज्याचीं तीस वर्षें गेलीं, त्या मास्तराला असें आमंत्रण म्हणजे दुधांत साखरच! मीं एका बैठकींत मजकूर लिहून काढला. त्यांत पणजीचें माजघर होतें, पाट्यावर वाटलेला मसाला होता आणि शंभर वर्षांची अखंड परंपरा होती. मंडळींनीं माना डोलाविल्या. परंतु त्यांच्यांत वयानें वडील असलेल्या काकू म्हणाल्या, “गुरुजी, गोष्ट छान आहे. पण हे पापड आम्ही दोन वर्षांपूर्वीं शिकलों, आणि तेहि शेजारच्या वहिनींकडून. उद्यां कोणी विचारलें, तर पणजीचें नांव काय सांगूं?”

माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. खोटें बोलूं नये असें जन्मभर मुलांना बजावणाऱ्या माणसानें पांच भल्या बायकांच्या तोंडीं खोटें घातलें होतें, आणि तें इतक्या सहजपणें कीं, लिहितांना त्याला तें जाणवलेंहि नव्हतें. इतिहास हा माझ्या आवडीचा विषय. म्हणून घरीं आल्यावर मीं इतिहासालाच विचारलें: गोष्टीच्या आणि चित्राच्या बळावर ज्यांनीं खरोखर लोक जोडले, त्यांची गोष्ट कसल्या प्रकारची होती? त्या विचारांत जीं तीन उदाहरणें डोळ्यांपुढें उभीं राहिलीं, तीं आज आपणांस सांगावयाचीं आहेत.

पहिलें उदाहरण दादासाहेब फाळके यांचें. सन १९१२ च्या आरंभीं फाळके विलायतेस गेले, ते आयुष्याच्या विम्यावर कर्ज काढून. परत आले तेव्हां विद्या हस्तगत झाली होती, विल्यमसन कॅमेऱ्याची तजवीज झाली होती. नव्हता तो पैसा. हिंदी माणूस हिंदुस्थानांत चित्रपट काढील, ही कल्पना सावकाराच्या गळीं उतरविणें सोपें नव्हतें. दुसरा एखादा अशा वेळीं नफ्याचे मोठमोठे आंकडे पुढें मांडता. फाळक्यांनीं काय करावें? त्यांनीं एका कुंडींत वाटाणा पेरला, कुंडीसमोर कॅमेरा उभा केला, आणि अंकुर फुटून त्याचें रोप होईपर्यंत ठराविक अंतरानें त्याचें चित्रण केलें. मग तीं सारीं चित्रें सलग फिरवून निवडक मंडळींना दाखविलीं. जें घडावयास निसर्गाला कित्येक दिवस लागतात, तें पाहणाऱ्यांच्या देखत पाहतां पाहतां घडून आलें!

त्या चिमुकल्या चित्रांत नायक नव्हता, नायिका नव्हती, आणि ‘मला भांडवल द्या’ असें एक अक्षरहि नव्हतें. तरी तें पाहून कर्ज देणारा मनुष्य पुढें आला. माझ्या मतें याचें कारण उघड आहे. फाळक्यांनीं आपल्या कर्तबगारीचें वर्णन केलें नाहीं. ती कर्तबगारीच पाहणाऱ्याच्या पुढ्यांत ठेवली. वाटाणा खरा, वाढ खरी, आणि ती टिपणारा हातहि खरा. पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे. पत्नी सरस्वतीबाई यांनीं दागिने दिले, साऱ्या मंडळींचा स्वयंपाक सांभाळला, फिल्मला भोकें पाडण्याचें किचकट कामहि केलें; आणि ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरांत ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढें आला.

परंतु याच चित्रपटाची एक दुसरीहि आख्यायिका आहे, आणि ती मला लपवितां येत नाहीं. सुरतेस पहिल्या दिवशीं गल्ला जमला अवघा तीन रुपये. तेव्हां फाळक्यांनीं जाहिरात बदलली, असें सांगतात. सत्तावन्न हजार छायाचित्रें, दोन मैल लांबीचें चित्र, आणि मोल तीन आणे, असा कांहींसा तिचा मजकूर होता. लोक लोटले आणि गल्ला शेंकड्यांवर गेला. मास्तराची खोड अशी कीं, आंकडा दिसला कीं पाटीवर गणित मांडावयाचें. त्या फिल्मच्या एका फुटांत सोळा छायाचित्रें बसतात. सत्तावन्न हजारांस सोळांनीं भागिलें असतां सुमारें साडेतीन हजार फूट येतात. आणि मैल म्हणजे पांच हजार दोनशें ऐंशीं फूट. तेव्हां दोन मैल तर दूरच, पाऊण मैलहि भरत नाहीं! सत्यासाठीं राज्य, राणी आणि पुत्र यांवर पाणी सोडणाऱ्या राजाची कथा, आणि तिच्या जाहिरातींत सव्वा मैलाहून अधिक भर! हंसूं येतें, पण विचारहि येतो. त्या जाहिरातीनें लोक दारापर्यंत आले, हें खरें. मात्र फाळक्यांचें नांव घरोघर राहिलें, तें मैल मोजून नव्हे. पडद्यावर आपल्याच पुराणांतील माणसें चालूं लागलेलीं लोकांनीं पाहिलीं, म्हणून तें राहिलें.

दुसरें उदाहरण किर्लोस्करांचें. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईस चित्रकला शिकावयास गेले. पण रंगांतील भेद डोळ्यांस नीट कळत नसल्यामुळें यंत्रांच्या आकृति काढण्याकडे वळले, आणि पुढें बेळगांवीं सायकलच्या दुकानापासून आरंभ करून कडबा कापण्याचें यंत्र आणि लोखंडी नांगर यांपर्यंत पोंचले. नांगर उत्तम होता. पण लोखंडाच्या फाळानें जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षें लागलीं. सन १९१० मध्यें औंधच्या अधिपतींच्या साहाय्यानें कुंडल रोड स्टेशनाजवळच्या उजाड माळावर किर्लोस्करवाडी वसली, आणि नांगरानें हळूहळू शेतांत आपली जागा मिळविली.

आतां पाहा, नांगरासारख्या रुक्ष वस्तूविषयीं महिन्याच्या महिन्याला काय सांगावें? सन १९२० मध्यें लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनीं ‘किर्लोस्कर खबर’ हें नियतकालिक सुरू केलें. कारखान्याचा माल आणि गिऱ्हाईक यांची गांठ घालून द्यावी, हा त्याचा मूळ हेतु. शंकरराव स्वतः चित्रकार. केवळ भावांचीं कोष्टकें छापीत बसणारा हा पिंड नव्हे. त्यांनीं त्यांत उद्योगाच्या हकीकती आणल्या, स्वतःच्या पायांवर उभ्या राहिलेल्या माणसांचीं चरित्रें आणलीं, प्रवास आणला, कथा आणल्या, व्यंगचित्रें आणलीं. पुढें नांवांतील ‘खबर’ गळून पडली आणि ‘किर्लोस्कर’ एवढेंच राहिलें. १९३० सालीं ‘स्त्री’ आणि १९३४ सालीं ‘मनोहर’ हीं भावंडें त्याच्या पाठीवर जन्मास आलीं. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध याच मासिकांत आले. ते वाचून पुष्कळांच्या भुवया चढल्या. पण वाचक रागावेल म्हणून संपादकांनीं लेखणी आंखडली नाहीं.

माझ्या आजोबांच्या ट्रंकेंत या मासिकाचे जुने बांधीव अंक होते. आमच्या घराण्यांत कोणाचें वीतभर शेत नव्हतें. नांगर घेण्याचा प्रसंग तीन पिढ्यांत आला नाहीं. तरी ‘किर्लोस्कर’ हें नांव मला शाळेंत जाण्यापूर्वींपासून ठाऊक होतें, आणि त्या नांवाचें यंत्र म्हणजे भरंवशाचें यंत्र, हें कोणीं न शिकवितां मनांत ठसलें होतें. मार्का म्हणतात तो हाच. तो डब्यावर छापतां येतो. माणसाच्या मनावर मात्र तो सावकाश उमटावा लागतो. परंतु एक गोष्ट विसरतां कामा नये. मासिक आलें १९२० सालीं. नांगर त्यापूर्वींच शेतांत गेला होता. आधीं नांगरानें ढेंकळें फोडलीं, मग मासिकानें वाचकांचीं मनें नांगरलीं. क्रम उलटा असता, तर कथा उरली असती आणि कारखाना बुडाला असता.

तिसरें उदाहरण आमच्याच लहानपणचें. गुजराथेंत खेडा जिल्ह्यांतील दूध-उत्पादकांचा सहकारी संघ १९४६ सालीं स्थापन झाला. त्रिभुवनदास पटेल यांचें नेतृत्व आणि डॉ. व्हर्गीस कुरियन यांचें व्यवस्थापन यांतून ‘अमूल’ हा मार्का देशभर गेला. तीस वर्षांनीं, १९७६ सालीं, या चळवळीवर श्याम बेनेगल यांनीं ‘मंथन’ हा चित्रपट काढला. पैसा कोणाचा? गुजराथेंतील पांच लक्ष दूध-उत्पादक शेतकऱ्यांचा. प्रत्येकाचे दोन रुपये, म्हणजे एकूण दहा लक्ष. चित्रपटाच्या आरंभीं त्या पांच लक्ष शेतकऱ्यांचेंच नांव निर्माते म्हणून झळकतें. पटकथा आपल्या विजय तेंडुलकरांची, आणि बिंदूचें काम स्मिता पाटील यांचें.

एखाद्या व्यापाऱ्यानें दहा लक्ष खर्चून आपल्या धंद्यावर चित्र काढविलें असतें, तर शेवटीं हार-तुरे आणि जयजयकार आलाच असता. ‘मंथन’मध्यें तसें नाहीं. खेड्यांतील जातिभेद त्यांत आहे, सरपंचाची मिजास आहे, खासगी डेअरीवाल्याचे डावपेंच आहेत. सहकारी संस्था काढावयास आलेला डॉक्टर अखेरीस गांव सोडून निघून जातो. पुढें काम चालवावयाचें तें गांवच्याच भोळ्यानें. शेतकऱ्यांनीं आपल्या पैशानें आपलीच अडचण पडद्यावर मांडली! आणि म्हणूनच ते ट्रकांत बसून ‘आपला’ चित्रपट पाहावयास शहरांत आले. पुढें नव्या नव्या खेड्यांत दूधसंस्था उभारावयास जाणाऱ्या पथकांनीं हाच चित्रपट बरोबर नेला. सारें सुरळीत होतें असें दाखविणाऱ्या चित्रावर त्या खेडुतांनीं विश्वास ठेवला असता काय? मला वाटतें, नसता ठेवला. आपल्या गांवासारखाच गांव, आपल्यासारखींच भांडणें, आणि तरीहि संस्था उभी राहते, हें पाहिल्यावर त्यांना धीर आला असेल. सन २०२४ मध्यें या चित्रपटाची नव्यानें सिद्ध केलेली प्रत फ्रान्समधील कान महोत्सवांत दाखविली गेली. अठ्ठेचाळीस वर्षांनीं पुन्हा लोकांपुढें आणावी, अशी जाहिरात किती निघतात बरें?

श्रोतेहो, या तिन्ही हकीकतींतून मला जें दिसलें, तें थोडक्यांत असें. लोकांना गोष्ट हवी असते, यांत संशय नाहीं. आणि हलतें चित्र गोष्टीला पाय देतें, हेंहि खरें. परंतु गोष्ट सांगणाऱ्याचा मोह निराळाच असतो. त्याला वाटतें, खरी हकीकत फार साधी आहे. तिला दोन मैल लांब केल्याशिवाय कोण येणार? हा मोह फाळक्यांसारख्या थोर पुरुषालाहि टळला नाहीं, मग माझ्यासारख्या मॅट्रिक झालेल्या मास्तराची काय कथा! कुंडींतील वाटाण्यावर ज्याचा विश्वास बसतो, तोच त्या मोहांतून सुटतो.

दुसऱ्या दिवशीं मीं पणजीचा कागद फाडून टाकला आणि काकूंच्या समोर जाऊन बसलों. म्हटलें, “तुम्हीच सांगा, काय झालें तें.” त्यांनीं सांगितलें. पहिल्या वर्षीं भर पावसाळ्यांत पापड लाटले, ते वाळेनात. दोन डबे बुरसले आणि फेंकून द्यावे लागले. ते विकावे कीं काय, यावर दोघींत अबोला झाला. शेवटीं शेजारच्या वहिनींनीं उन्हाळ्यांतच वर्षाची बेगमी करावयास शिकविलें. एवढीच गोष्ट. त्या मुलानें ती काकूंच्याच तोंडून, त्यांच्याच गच्चीवर, वाळत घातलेल्या पापडांशेजारीं टिपली. वहिनींचें नांवहि त्यांत आलें.

चित्रण पाहून गिऱ्हाईकांची रीघ लागली, असें सांगून मी या भाषणाचा शेवट गोड करूं शकलों असतों. पण तसें झालें नाहीं. थोडीं घरें वाढलीं, इतकेंच. मात्र मागच्या महिन्यांत एक अनोळखी बाई पत्ता विचारीत आमच्या गल्लींत आल्या. त्यांनीं विचारलें, “ते डबे फेंकून देणाऱ्या काकू कुठें राहतात?” मीं त्यांना घर दाखविलें.