शिकाऱ्याची नजर आणि हरणांची मोजदाद

दर चार वर्षांनी देशातील व्याघ्रगणनेचा अहवाल प्रसिद्ध होतो आणि वाघांचा नवा आकडा सर्वतोमुखी होतो. त्या आकड्याच्या तळाशी आणखी एक आकडा असतो, त्याची बातमी मात्र क्वचितच होते. तो आकडा हरणांचा. एका वाघाला वर्षाकाठी साधारणतः ५० मोठी खुरी जनावरे लागतात. कळप न घटता एवढी जनावरे मिळत राहायची, तर त्याच्या वाट्याच्या रानात अशी सुमारे ५०० जनावरे असावी लागतात. म्हणजे हरणे किती आहेत हे कळले नाही, तर वाघाचे भवितव्यही सांगता येत नाही. हरणे मोजण्याचे आधुनिक शास्त्र भारतात जेमतेम साठ वर्षांचे आहे. त्याच्या मुळाशी असलेली विद्या मात्र हजारो वर्षांची आहे. ती विद्या शिकाऱ्याची, आणि त्यातही धनुर्धाऱ्याची.

बंदुकीला अंतर फारसे आडवे येत नाही, धनुष्याला येते. साध्या धनुष्याने नेमका वेध घ्यायचा, तर जनावराच्या वीस-तीस पावलांपर्यंत पोहोचावे लागते. हरणाचे नाक, कान आणि डोळे हे अंतर सहसा कापू देत नाहीत. वारा पाठीमागून असेल, तर माणूस दिसण्यापूर्वीच त्याचा गंध कळपापर्यंत पोहोचलेला असतो. म्हणून धनुर्धाऱ्याची शिकार बाण सुटण्याच्या कितीतरी दिवस आधी सुरू होत असे. कळप कोणत्या कुरणात पहाटे चरतो, ऊन चढल्यावर कोणत्या झाडीत रवंथ करत बसतो, पाण्याला कोणत्या वाटेने उतरतो, हे दुरून आणि मूकपणे पाहावे लागे. चिखलातल्या खुराच्या ठशाची कड धारदार आहे की ढासळलेली, लेंड्या ओल्या आहेत की वाळलेल्या, यावरून जनावर केव्हा गेले ते ताडले जाई. शिंगांवरची मखमली कातडी सुटू लागली की नर ती झाडांवर घासतात. सोललेल्या सालीची उंची पाहून नर केवढा आहे आणि त्याचा माजाचा काळ किती जवळ आला आहे, याचाही अंदाज बांधला जाई. आज प्राणिवर्तनशास्त्र ज्याला क्षेत्रनिरीक्षण म्हणते, त्याचे जवळजवळ सगळे घटक या तयारीत होते. फक्त वही नव्हती.

या निरीक्षणाचे सर्वांत जुने चित्ररूप पुरावे मध्य भारतातच सापडतात. १९५७ मध्ये डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर रेल्वेने भोपाळकडे जात असताना त्यांना डब्यातून दिसलेल्या खडकांच्या रांगांनी खुणावले, आणि भीमबेटकाची चित्रे अभ्यासकांसमोर आली. तिथल्या मध्याश्मयुगीन चित्रांत धनुष्यबाण घेतलेली माणसे आहेत आणि फाटे फुटलेल्या शिंगांची हरणेही आहेत. चितारणाऱ्याने जनावराची धाव, मान आणि शिंगे ज्या नेमकेपणाने टिपली आहेत, ते दीर्घकाळ पाहिल्याशिवाय साधत नाही. २००३ मध्ये हे स्थळ जागतिक वारसास्थानांच्या यादीत गेले.

पुढे राज्यसंस्था उभी राहिली, तशी हरणाकडे पाहण्याची दृष्टीही बदलत गेली. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त अभय दिलेल्या मृगांना मारणाऱ्यांसाठी दंड सांगितला आहे. सम्राट अशोकाच्या पहिल्या शिलालेखात राजाच्या पाकशाळेचा हिशेब आहे: पूर्वी तिथे असंख्य प्राणी मारले जात, आता दोन मोर आणि एक हरीण एवढेच मारले जातात, आणि हरीणही रोज नव्हे. तेराव्या शतकातील हंसदेवाने ‘मृगपक्षिशास्त्र’ हा पशुपक्ष्यांवरचा स्वतंत्र संस्कृत ग्रंथ रचला. मारुती चितमपल्ली यांच्यामुळे तो मराठी वाचकांनाही उपलब्ध झाला.

मोगल काळात शिकारीची नोंद प्रत्यक्ष आकड्यांत होऊ लागली. बादशहा जहांगीराने आपल्या आत्मचरित्रात वयाच्या बाराव्या वर्षापासून पन्नासाव्या वर्षापर्यंतचा हिशेब दिला आहे. त्याच्या उपस्थितीत २८,५३२ प्राणी मारले गेले आणि त्यांपैकी १७,१६७ त्याने स्वतः टिपले. त्याच जहांगीराने मनसराज नावाच्या आपल्या लाडक्या काळविटाच्या स्मरणार्थ लाहोरजवळ शेखूपुरा येथे मिनार उभारला. (शास्त्रीय वर्गीकरणात काळवीट गाई-शेळ्यांच्या कुळात मोडतो आणि त्याची शिंगे आजन्म टिकतात. चितळ, सांबर, बारशिंगा ही खऱ्या अर्थाने हरणे, त्यांच्या नरांची शिंगे गळून पुन्हा नव्याने उगवतात.) या हिशेबातून मारलेले किती ते कळते, रानात उरलेले किती ते कळत नाही. पुढची तीनशे वर्षे भारतातील शिकारीच्या नोंदींची हीच मर्यादा राहिली.

इंग्रजी अमदानीत लिहिणारे शिकारी आले. जेम्स फोरसिथ यांचे मध्य भारताच्या डोंगराळ प्रदेशावरील पुस्तक १८७१ मध्ये प्रसिद्ध झाले. वनाधिकारी डनबर ब्रँडर यांनी १९२३ मध्ये मध्य भारतातील वन्यप्राण्यांवर ग्रंथ लिहिला. १८८३ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात अशा अनेकांची टिपणे येत राहिली. या लेखनात बारकाईने केलेली निरीक्षणे भरपूर आहेत. मध्य भारतातील कठीण जमिनीवर राहणाऱ्या बारशिंग्याच्या उपजातीला पुढे १९४३ मध्ये ‘ब्रँडेरी’ हे नाव मिळाले, तेही याच ब्रँडर यांच्यावरून.

परंतु या साहेबांना माग दाखवणारे लोक वेगळेच होते. बैगा आणि गोंड मागकऱ्यांशिवाय सातपुडा-मैकलच्या रानात शिकार होणे अवघड होते. धनुष्यबाण हे बैगांचे परंपरागत शस्त्र. वनखात्याच्या नियमांनी त्यांची शिकार आणि त्यांची फिरती शेती ही दोन्ही हळूहळू गुन्हा ठरली. ज्यांची नजर वापरून ग्रंथ लिहिले गेले, त्यांची नावे त्या ग्रंथांत क्वचितच सापडतात.

शिकाऱ्याच्या नजरेत एक मूलभूत दोषही होता. ती सर्वांत मोठ्या शिंगांचा नर शोधत असे. माद्या, पाडसे, वर्षभराची जनावरे तिला दिसत, पण मोजण्यासारखी वाटत नसत. आणि कळप वाढणार की घटणार, हे ठरते ते माद्यांवर आणि जगलेल्या पाडसांवर. एखाद्या कुरणात दहा देखणे नर उभे असूनही ती जात नाहीशी होण्याच्या वाटेवर असू शकते.

कान्हाच्या बारशिंग्याबाबत हेच घडले. १९३८ च्या सुमारास त्या परिसरात सुमारे ३००० बारशिंगे असावेत असा अंदाज होता. १९५५ मध्ये कान्हा राष्ट्रीय उद्यान झाले, तरी घसरण थांबली नाही. १९७० मध्ये केवळ ६६ बारशिंगे उरले. या उपजातीचा रानातला दुसरा कळप जगात कुठेही नव्हता.

मधल्या काळात एक वेगळ्या प्रकारचा निरीक्षक तिथे येऊन गेला होता. अमेरिकी जीवशास्त्रज्ञ जॉर्ज शॅलर १९६३ च्या अखेरीस कुटुंबासह कान्हात दाखल झाले. शिकाऱ्याप्रमाणेच ते पहाटे निघत, वारा पाहत, दबा धरून बसत, लेंड्या आणि विष्ठा तपासत. प्रश्न मात्र वेगळे होते. कळपात नर किती, माद्या किती, पाडसे किती? शिंगे कोणत्या अवस्थेत आहेत? वाघाच्या विष्ठेत कोणत्या प्राण्यांचे केस सापडतात? चितळ, सांबर, बारशिंगा आणि काळवीट यांच्या या नोंदींतून १९६७ मध्ये ‘द डिअर अँड द टायगर’ हा ग्रंथ सिद्ध झाला. वाघ आणि त्याचे भक्ष्य यांचा एकत्र विचार करणारा भारतातील हा पहिला मोठा अभ्यास. ग्रंथाच्या नावात हरीण आधी येते, वाघ नंतर.

१९७१ ते १९७३ या काळात स्विस जीवशास्त्रज्ञ क्लॉड मार्टिन यांनी कान्हातल्या बारशिंग्याचाच विशेष अभ्यास केला. बारशिंगा जवळजवळ पूर्णपणे गवतावर जगतो. मादी उंच, निवांत गवतात पाडसाला दडवते. गुरांच्या चराईने आणि वारंवारच्या वणव्यांनी ते गवतच उरत नसे. त्यामुळे केवळ बंदुका थांबवून भागणार नव्हते, कुरणे परत आणावी लागणार होती. आगीवर नियंत्रण आले, कुंपणबंद क्षेत्रात प्रजनन सुरू झाले, आणि उद्यानातील गावे हलवून त्यांच्या शेतजमिनींवर कुरणे वाढू दिली गेली. बारशिंगा वाचला आणि पुढे मध्य प्रदेशाचा राज्यप्राणी म्हणून मिरवू लागला. २०१५ पासून काही जनावरे सातपुडा व्याघ्र प्रकल्पात नेऊन दुसरा कळपही उभा केला गेला. या यशाची किंमत ज्या बैगा-गोंड कुटुंबांनी घर सोडून मोजली, त्यांचा उल्लेख या इतिहासात गाळता येणार नाही.

मणिपूरच्या संगाईची गोष्टही याच काळातली. लोकटाक सरोवरावरील तरंगत्या गवताळ थरांवर राहणारे हे हरीण १९५१ मध्ये नामशेष मानले गेले होते. दोनच वर्षांनी ई. पी. गी यांना ते पुन्हा आढळले. १९७५ मध्ये विमानातून केलेल्या पाहणीत फक्त १४ संगाई मोजले गेले. १९७७ मध्ये केइबुल लामजाओ राष्ट्रीय उद्यान झाले आणि २०१६ च्या गणनेत ही संख्या २६० वर पोहोचली.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीच्या परंपरेला विराम दिला. १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यावर शिकार करण्याची उरलीसुरली वाटही बंद झाली. या कायद्यातील ‘शस्त्र’ या संज्ञेच्या व्याख्येत बंदूक, सापळा आणि विष यांच्याबरोबर धनुष्यबाणाचाही उल्लेख आहे. भीमबेटकाच्या भिंतीवरचे ते साधन असे कायद्याच्या पुस्तकात पोहोचले.

शास्त्रापुढे मात्र एक कोडे उरलेच होते: जे हरीण दिसत नाही, ते मोजायचे कसे? मोकळ्या कुरणातला कळप मोजता येतो. दाट रानात माणसाच्या डोळ्यांआड राहणारी जनावरे अधिक असतात. कर्नाटकातील नागरहोळे येथे उल्हास कारंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात रेषामार्ग पद्धत वापरून याचे उत्तर शोधले. निरीक्षक आखलेल्या सरळ रेषेवरून चालतो. हरीण दिसताच ते मूळ जागी असताना त्याचे अंतर आणि कोन नोंदवतो. रेषेजवळची जनावरे सहसा सुटत नाहीत, जसजसे अंतर वाढते तसतशी अधिकाधिक सुटतात. दिसण्याचे हे प्रमाण अंतरानुसार कसे घटते, याच्या आलेखावरून न दिसलेल्यांची संख्या गणिताने काढता येते. २००६ पासून देशव्यापी व्याघ्रगणनेतही अशा रेषामार्गांवरून भक्ष्यप्राण्यांच्या नोंदी घेतल्या जातात.

गणित नवे असले, तरी ते टिकते एका जुन्या अटीवर. माणसाची चाहूल लागून हरीण आधीच पळाले, तर सगळा हिशेब चुकतो. म्हणून वनरक्षकाला पहाटेच्या गारव्यात, पाचोळा न वाजवता, वाऱ्याचे भान ठेवून चालावे लागते. त्याच्या हातात धनुष्याऐवजी अंतरमापक आणि होकायंत्र असते. पाऊल मात्र त्याला धनुर्धाऱ्याचेच टाकावे लागते, आणि परतल्यावर वहीत लिहावे लागते: नर किती, माद्या किती, पाडसे किती.