किल्ल्याचा इतिहास आणि आपली मुले

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी मी चार शब्द लिहावेत, असा भगिनींचा आग्रह झाला. माझे शिक्षण सातवीपर्यंत. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा न ठेवता हे लिखाण गोड मानून घ्यावे.

वसईच्या मुलांना किल्ला ठाऊक असतो, पण त्याचा इतिहास अर्धाच त्यांच्या कानी पडतो. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली. त्यांच्या अमलात देवळे पाडली गेली, धर्माच्या नावाने जुलूम झाला. हे खरे आहे व ते लपवू नये. १७३९ साली चिमाजीअप्पांनी वसई जिंकली. हजारो मराठे कामी आले. तेही अभिमानाने सांगावे. परंतु बहुतेक घरी गोष्ट येथेच संपते, आणि घोटाळा येथेच होतो.

आमच्या शेजारच्या ख्रिस्ती मुलीला शाळेत काही मुले ‘फिरंगी’ म्हणून चिडवू लागली. ‘आम्ही तुम्हांला हाकलले,’ असेही म्हणत. तिच्या घरी कादोडी बोलतात, आजी लाल लुगडे नेसते. पोर रडकुंडीला आली. मी आमच्या मुलांना विचारले, “फिरंगी तर तेव्हाच गेले. मग ही कोण?” एकालाही उत्तर देता येईना.

मग राहिलेली गोष्ट सांगितली. हे ख्रिस्ती बांधव मूळचे येथलेच. सामवेदी, वाडवळ, कोळी अशा समाजांतले लोक पोर्तुगीज अमलात ख्रिस्ती झाले. डिमेलो, रॉड्रिग्ज ही आडनावे बाप्तिस्म्याबरोबर आली. वाडी, विहीर आणि बोली पूर्वीचीच राहिली. आजही वाडवळ हिंदू आहेत, तसे ख्रिस्तीही आहेत. २०२० साली तेव्हाच्या उस्मानाबादेस मराठी साहित्य संमेलन भरले, त्याचे अध्यक्ष आपल्या नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. त्यांना परके कोण म्हणेल?

आणि जिंकल्यावर अप्पांनी काय केले? चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून नेल्या. नाशिकच्या नारोशंकराची घंटा त्यांतलीच. पण मे १७३९ च्या तहात पोर्तुगीजांना बायकामुले व चीजवस्तू घेऊन जाण्यास आठ दिवसांची मुदत दिली. जे मागे राहतील त्यांना आपला धर्म पाळण्याची मोकळीक दिली. इतकी माणसे गमावल्यावर सूड घ्यायचा म्हटला असता, तर त्यांचा हात कोण धरणार होते?

भगिनींनो, मुले द्वेष पुस्तकातून थोडा आणि आपल्या ओटीवरच्या बोलण्यातून अधिक शिकतात. ‘ती माणसे तसलीच’ असे आपण सहज बोलून जातो. मुले ते शाळेत घेऊन जातात. म्हणून लढाईची गोष्ट सांगाल तेव्हा तहाचीही सांगा. किल्ल्यात नागेश्वराचे देऊळ आहे, पडक्या चर्चच्या भिंतीही आहेत. सुट्टीत आपल्या मुलांना तेथे न्याल, तेव्हा शेजारच्या मुलांनाही बरोबर घ्या, आणि दोन्ही ठिकाणे सर्वांना दाखवा.