काळोखासाठी आखलेली बाग

डिसेंबर 1652. मार्गशीर्ष पौर्णिमा. आपल्याकडे आज दत्तजयंती. तुम्ही मात्र आग्र्यात, यमुनेच्या उत्तर काठावर आहात. सूर्य नुकताच बुडाला आहे. हातातली मशाल इथेच विझवा. ही मेहताब बाग आहे, चंद्रप्रकाशाची बाग, आणि आत जायचं तर डोळ्यांना आधी काळोख द्यावा लागतो.

फुलांचा वास शोधू नका. पावसाळ्यात यमुना आत घुसली होती. पायाखाली वाळलेला गाळ आहे. याच महिन्यात शहजादा औरंगजेब इथे येऊन गेला. दख्खनच्या सुभेदारीवर निघाला असताना त्याने बादशहा शाहजहानला, म्हणजे बापाला, पत्र लिहिलं: बाग पुराखाली गेली, तिची रया गेली, पण लवकरच पुन्हा हिरवी होईल, अष्टकोनी हौद आणि भोवतालचे बंगले शाबूत आहेत. नदीपलीकडच्या ताजमहालाचा घुमट पावसात गळतो, हेही त्याच पत्रात आहे. बांधून पुरती जुनी होण्याआधीच डागडुजी निघालेली ही वास्तू तुम्ही पाहणार आहात. बागेची रया गेली, ते एका अर्थी बरंच झालं. हिरवाई नसल्यामुळे बागेचा सांगाडा स्वच्छ दिसतो.

दक्षिणेकडे चालत राहा. वाट चुकणार नाही, कारण ती पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्याची आहे. कडेचं सगळं काळं झालं तरी ती पायापुढे उमटत राहते. घाई करू नका. माणसाच्या डोळ्याला काळोखात पुरता रुळायला अर्धा तास तरी लागतो, आणि ही बाग सुमारे 300 मीटर लांब आहे. रमतगमत, थांबत गेलात तर नदीपाशी पोचेपर्यंत नजर तयार होते.

आता हौदाच्या काठावर उभे राहा. पंचवीस कारंजी आहेत, सगळी बंद. पाणी हलत नाही. नदीपलीकडे ताज.

थोडा वेळ नुसतं बघा. दिवसा त्याच्या दोन्ही बाजूंना लाल दगडाच्या दोन भक्कम इमारती असतात, एक मशीद आणि एक तिची जोडीदार. खाली नदीलगतचा चौथराही लालच. त्या कुठे गेल्या? अंधुक प्रकाशात माणसाच्या डोळ्याला लाल रंग जवळजवळ दिसत नाही. तो काळ्यात जमा होतो. पांढरा संगमरवर तेवढा उरतो. मुख्य कबरीला पांढरा दगड आणि तिच्या सोबत्यांना लाल, ही वाटणी दिवसा मानापमानाची वाटते. रात्री तिचा परिणाम असा होतो की जमिनीचा आधार काढून घेतल्यासारखा घुमट एकटाच वर राहतो. डोळ्यांचं शास्त्र त्या कारागिरांना ठाऊक नसेल, पण ते रात्री इथे उभे राहून बघत असणार, याबद्दल मला शंका नाही.

चंद्र कुठे आहे ते पाहा. तुमच्या डाव्या खांद्यामागून, ईशान्येकडून तो चढतो आहे. हिवाळ्यातली पौर्णिमा अशीच उत्तरेला झुकून उगवते. म्हणून ताजची उत्तरेची भिंत, जिच्यावर हिवाळ्यात दिवसभर ऊन पडत नाही, ती आत्ता तिरप्या उजेडात आहे. मधल्या मोठ्या कमानीची खोली दिसते, कोपऱ्यांच्या कडा दिसतात, आणि तेच सगळं उलटं होऊन हौदात उतरलं आहे.

आता सहा महिने पुढे चला. 1653, ज्येष्ठ पौर्णिमा, आपली वटपौर्णिमा. त्याच जागी उभे राहा. मध्यरात्र झाली तरी चंद्र माथ्यावर आलेला नाही. तो समोर, दक्षिणेला, ताजच्या पलीकडे आहे. तुमच्याकडची भिंत सावलीत गेली आहे. मागचं आकाश उजळ, पुढे मोठा काळसर आकार, आणि हौदातही तोच. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निएने लिहून ठेवलं होतं की शाहजहानने नदीपलीकडे स्वतःची कबर बांधायला घेतली होती. त्यातून काळ्या ताजची कथा वाढली आणि लोक त्या कबरीचा पाया शोधत राहिले. 1990च्या दशकात इथे उत्खनन झालं तेव्हा गाळाखालून हौद निघाला. काळ्या संगमरवराच्या कबरीचा पाया निघाला नाही. ज्येष्ठात इथे उभं राहिलेल्याला त्या कथेचं नवल वाटणार नाही.

बागकामाच्या पुस्तकांत काळोख हा दिव्यांच्या खांबांनी सोडवायचा प्रश्न असतो. इथे तो चुन्याइतका आणि पाण्याइतका मोजून वापरलेला माल आहे. नदीचं रुंद काळं पात्रसुद्धा आराखड्यातच आहे: बागेची रुंदी ताजच्या आवाराएवढी, दोन्हींचा मध्य एकाच रेषेवर, आणि त्या दोन उजळ टोकांमध्ये यमुना.

आजच्या वर्षात परत या. पौर्णिमेला आणि तिच्या आगेमागे दोन-दोन रात्री ताज बघू देतात, मोजक्या लोकांना, पण दक्षिणेच्या बाजूने. मेहताब बाग सूर्यास्ताला बंद होते. निदान मार्गशीर्ष आणि ज्येष्ठ या दोन पौर्णिमांना तिचं दार उघडावं, हौदात पाणी भरावं, आणि वाट दिसावी म्हणून एकही दिवा लावू नये. त्या कामाला पांढरा चुना पुरतो.