द्राविडी प्राणायामाचे पॉइंट्स: लांबच्या रस्त्याने जाण्याचा छोटा इतिहास



फणसवाडीत वाढलेल्या माणसाला शॉर्टकट शिकवावा लागत नाही. कुठल्या वाडीतून घुसलं की कुठल्या गल्लीत निघतो, हे आम्हाला गूगल मॅप्स यायच्या आधीपासून पाठ. पुढे बी.टेक.ला तेच शिकलो, फक्त नाव मोठं होतं: शॉर्टेस्ट पाथ अल्गोरिदम. त्यामुळे ‘एक माणूस मुंबईहून दिल्लीला मुद्दाम चेन्नईमार्गे गेला’ असं पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा मला वाटलं, याला तिकीट काढता येत नाही. आपल्याकडे याला द्राविडी प्राणायाम म्हणतात, आणि हा तर खरोखरच द्रविड देशातून चालला होता!

पण त्याचा हिशोब पक्का होता. मुंबई ते दिल्ली सरळ गेलं तर साधारण 700 मैल, चेन्नईमार्गे सुमारे 1,700. विमान कंपनी मैल मोजून पॉइंट्स देणार, आणि दोन विमानं बदलायचं तिकीट कधीकधी थेट तिकिटाच्याच भावात मिळणार. म्हणजे खर्च तोच आणि पॉइंट्स दुपटीहून जास्त. वर अनेक योजनांमध्ये कितीही छोटं उड्डाण केलं तरी किमान 500 मैल जमा व्हायचे. मग काय, जितके तुकडे तितकी कमाई.

आजचा प्रश्न हा, की ही फट आली कुठून आणि बुजली कशी?

सुरुवात जमिनीवरून करू. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली. ती चालवणाऱ्या जीआयपी रेल्वेच्या संचालकांमध्ये आपल्या गिरगावचे नाना शंकरशेट होते. रेल्वेने प्रवासाला अंतराचा भाव लावला. पण हा भाव सरळ रेषेत वाढत नाही. अंतर जितकं जास्त, तितका दर किलोमीटरमागचा भाव उतरत जातो. यातूनच सर्क्युलर जर्नी तिकीट निघालं, जे आजही मिळतं. मुंबईहून निघा, प्रयाग, काशी, हरिद्वार करा आणि मुंबईलाच परत या. वाटेत जास्तीत जास्त आठ ठिकाणी उतरता येतं, आणि भाडं लागतं ते एकूण अंतराचे दोन सारखे एकेरी प्रवास धरून. प्रत्येक टप्प्याचं वेगळं तिकीट काढणारा जास्त पैसे मोजतो. म्हणजे वाकडी वाट करून फायदा काढणं हा काही क्रेडिट कार्डवाल्या पिढीचा शोध नाही.

आता आकाशात जाऊ. 8 जून 1948 ला एअर इंडिया इंटरनॅशनलचं ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून लंडनला निघालं. वाटेत कैरो आणि जिनिव्हा. त्या काळी विमान थांबत थांबतच जायचं. तिकिटांचे नियम ठरवायची आयाटा ही विमान कंपन्यांची संघटना, आणि तिचा एक भन्नाट नियम होता. दोन शहरांमध्ये जेवढं अंतर, त्याहून साधारण 20 टक्के जास्त मैलांची मुभा. त्या मर्यादेत राहून वाटेत कुठेही उतरा, भाडं तेच. मुंबई-लंडन साधारण 4,500 मैल, म्हणजे मुभा 5,400 च्या आसपास. मुंबई, कैरो, रोम, पॅरिस, लंडन असं गेलात तर बेरीज होते सुमारे 4,900. बसलं की! लंडनच्या पूर्ण भाड्यात तीन शहरं फुकट. मर्यादा ओलांडली तर 5 ते 25 टक्के जादा भरायचे. तेव्हाचा हुशार ट्रॅव्हल एजंट म्हणजे ही मैलांची कोष्टकं तोंडपाठ असलेला माणूस.

तेव्हा जास्तीच्या मैलांतून शहरं मिळायची. पॉइंट्स आले नंतर. 1978 मध्ये अमेरिकेने विमानभाड्यावरचं सरकारी नियंत्रण उठवलं, स्पर्धा पेटली, आणि 1 मे 1981 ला अमेरिकन एअरलाइन्सने ‘ॲडव्हांटेज’ योजना आणली. नेहमीचे गिऱ्हाईक शोधायला त्यांनी बुकिंगच्या संगणकात पुन्हा पुन्हा येणारे फोन नंबर काढले. आज आपण ज्याला डेटा अ‍ॅनालिटिक्स म्हणतो, तेच.

पण बक्षीस मैलांवर का? कारण लांबचा प्रवास म्हणजे महागडं तिकीट, असं तोपर्यंत ढोबळमानाने खरं होतं. कंपनीला मोजायचा होता पैसा, मोजलं अंतर. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला प्रॉक्सी म्हणतो. आणि प्रॉक्सी आली की तिच्यातली फट शोधणारा येतोच.

आपल्याकडे हा खेळ रंगला तो 1993 मध्ये जेट एअरवेज उडायला लागल्यानंतर. 2014 मध्ये एअर इंडिया स्टार अलायन्समध्ये आली आणि परदेशी कंपन्यांच्या उड्डाणांचे मैलही तिच्या खात्यात जमा करता येऊ लागले. खरे खिलाडी होते आयटीतले ऑनसाइटवाले. तिकीट ऑफिसच्या पैशाने, मैल स्वतःच्या खात्यात. किती मराठी आईबाबांनी न्यू जर्सीतली नातवंडं पहिल्यांदा पाहिली ती या मैलांवर!

मग भाडी रोज, तासातासाला बदलू लागली. स्वस्त तिकीट काढून लांबून जाणारा कंपनीला महाग पडू लागला. 2015 मध्ये डेल्टा आणि युनायटेड, 2016 मध्ये अमेरिकन, आणि 2024 मध्ये आपली एअर इंडिया. सगळ्यांनी मैल सोडून खर्च केलेल्या पैशावर पॉइंट्स द्यायला सुरुवात केली. फट बुजली. काही परदेशी योजनांत अजून थोडी शिल्लक आहे, पण चेन्नईमार्गे दिल्ली आता नुसताच प्राणायाम.

शेवटी एक घरची गोष्ट. आमच्या चाळीतले एक काका नोकरीत असताना कामासाठी खूप फिरले. सगळे मैल जपून ठेवले, वहीत तारखांसकट लिहून. रिटायर झालो की काकूंना घेऊन लेकीकडे जायचं, असं ठरलेलं. रिटायर झाल्यावर मला म्हणाले, “अरे, जरा ते खातं उघडून दे ना मोबाइलवर.” मी उघडलं. शिल्लक होती शून्य. मुदत संपून गेली होती. काका काहीच बोलले नाहीत, वही मिटली आणि चहा टाकायला सांगितला. पुढे लेकीने तिकिटं काढली, दोघं जाऊन आले. पण वहीचा विषय त्यांनी परत काढला नाही.

17 एप्रिल 2019 ला जेटचं शेवटचं विमान उडालं. मैलांची योजना वेगळ्या कंपनीकडे होती म्हणून आकडे वाचले, पण ज्या विमानात बसायचं म्हणून लोकांनी ते साठवले होते, ते विमानच राहिलं नाही.

म्हणून माझं एवढंच म्हणणं आहे. पॉइंट्स म्हणजे सोनं नव्हे, वायदा आहे, आणि वायद्याचे नियम देणारा ठरवतो. जमवा, हुशारीने जमवा, पण साठवत बसू नका. आज ॲप उघडा, मुदतीची तारीख बघा. आणि आईबाबांचं खातं असेल, तर तेही उघडा.

भेटू पुढच्या भागात!