बसायला जागा

मराठवाड्यात मुक्कामाच्या जागेला लॉज म्हणतात. हॉटेल म्हणजे चार बाकडी, सतत उकळणारा चहा, काचेच्या कपाटात गार झालेली भजी आणि सकाळपासून दहा हातांतून फिरलेला पेपर. ‘दिवसभर हॉटेलात काय बसतोस?’ हा प्रश्न नांदेड-लातुरातल्या प्रत्येक पिढीच्या मुलांनी बापाकडून ऐकलाय. मुलींनी मात्र तो ऐकला नाही. त्या हॉटेलात जाऊन बसतील, ही शक्यताच कोणाच्या डोक्यात नव्हती.

मी नांदेडचा, ती लातूरची. तिचं नाव लिहीत नाही. का, ते पुढे कळेल. दोघंही पुण्यातल्या कंपन्यांसाठी कोड लिहितो आणि महिन्यातले बरेच दिवस घरून काम करतो. मधे लोहा, अहमदपूर, चाकूर आणि एसटीचे तीन-साडेतीन तास. एका शनिवारी ती येते, पुढच्या शनिवारी मी जातो. दोन वर्षांत आम्ही दोन्ही शहरांतली एकवीस कॉफी शॉप पालथी घातली. अट एकच, दुकान कुठल्या मोठ्या साखळीचं नको. इंजिनिअर असल्यामुळे अर्थातच त्याची एक शीट आहे. माझे कॉलम चार: कॉफी, वायफाय, प्लगपॉइंट, बिल. तिने दोन वाढवले: ‘बाईला एकटीला बसता येईल का’ आणि ‘कोणी काही विचारलं का’. माझ्या चार कॉलमांवरून फार तर रिव्ह्यू लिहिता येईल. तिच्या दोन कॉलमांमुळे मी इतिहास वाचायला लागलो.

जगभर सत्तेला कॉफीपेक्षा कॉफीसाठी जमलेली माणसं जास्त खुपली आहेत. इस्तंबूलमध्ये सोळाव्या शतकाच्या मध्यावर कॉफीखाने सुरू झाले आणि १६३३ मध्ये सुलतान चौथा मुराद यानं ते बंद केले. इंग्लंडच्या राजानं, दुसऱ्या चार्ल्सनं, डिसेंबर १६७५ मध्ये कॉफीहाउस बंद करण्याचा हुकूम काढला. लोक तिथे बसून सरकारची बदनामी करतात, ही त्याची तक्रार. ओरड इतकी झाली की अंमल सुरू व्हायच्या आतच, जानेवारीत, हुकूम मागे घ्यावा लागला.

आपल्याकडे मात्र काय बोलता याच्याही आधी एक प्रश्न यायचा: कोणाच्या हातचं पिता? ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एक कार्यक्रम झाला. पाहुण्यांत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. कार्यक्रमानंतर ख्रिस्ती यजमानांनी चहा आणि बिस्किटं पुढे केली. कोणी चहा घेतला, कोणी नुसता कप हातात धरला. गोपाळराव जोशी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंचे पती, यांनी हजर असलेल्यांची नावं छापून आणली आणि पुण्यात वादळ उठलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. प्रायश्चित्ताचा प्रश्न टिळकांनाही चुकला नाही आणि रानड्यांनाही. देशातली दोन मोठी डोकी, आणि वाद एका कपाचा.

पुढे चहा सगळीकडे पोचला. १९०३ मध्ये इंग्रज सरकारनं चहावर उपकर बसवला आणि त्या पैशांतून चहाचा प्रचार सुरू झाला. त्याच सुमाराला आपल्याकडे रेल्वे येत होती. नांदेड हैदराबाद-मनमाड मार्गावर आलं, लातूरला १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी पोचली. पण त्या काळी देशभरच्या स्टेशनांवर ‘हिंदू पाणी’ आणि ‘मुसलमान पाणी’ वेगळं मिळायचं, आणि चहाही तसाच. गाडीत माणसं एका बाकावर खेटून बसत, खाली उतरली की घोट वेगळे.

आणि काहींना तर तो वेगळा घोटही नव्हता. १९३४ मध्ये बाबासाहेब आंबेडकर सहकाऱ्यांबरोबर वेरूळ पाहायला निघाले होते. वाटेत दौलताबादच्या किल्ल्यापाशी थांबले. प्रवासाची धूळ होती, म्हणून दाराजवळच्या छोट्या हौदाच्या पाण्यानं त्यांनी हातपाय धुतले. हौद बाटवला म्हणून गर्दी जमली, शिवीगाळ झाली. शेवटी आत सोडलं, पण सोबत एक हत्यारबंद शिपाई दिला, पाण्याला हात लागू नये म्हणून. ही गोष्ट त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. निजामाच्या राज्यातला हा किल्ला आपल्याच मराठवाड्यातला.

१७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचं राज्य संपलं. १९५० मध्ये संविधान आलं. त्याच्या पंधराव्या कलमात दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं यांचा नाव घेऊन उल्लेख आहे: जात, धर्म, लिंग यांवरून कोणाला अडवता येणार नाही. १९५५ चा अस्पृश्यताविरोधी कायदा आणखी एक पायरी उतरला. उपाहारगृहात जायला अडवणं हा गुन्हा, आणि तिथली भांडी वापरायला अडवणं हाही गुन्हा. हा कायदा लिहिणाऱ्यांना कपबशी दिसत होती, हे वाचून मी थोडा वेळ थांबलो. कारण माणसाला आत घ्यायचं आणि कप मात्र वेगळा द्यायचा, ही युक्ती खेड्यापाड्यांतल्या हॉटेलांनी त्यानंतरही वर्षानुवर्षं चालवली. दलितांचे कप बाहेर वळचणीला ठेवलेले असायचे. ज्याचे त्यानं विसळायचे.

त्याच्या एक वर्ष आधी, १९५४ मध्ये, विशेष विवाह कायदा झाला होता. जात-धर्म न बदलता, कोणालाही न विचारता दोन सज्ञान माणसं लग्न करू शकतात. फक्त ३० दिवस आधी नोटीस लागते आणि ती कार्यालयात लावली जाते, सगळ्यांना दिसेल अशी. एकाच कपातून पिणं आणि एका घरात राहणं, दोन्हींची परवानगी कायद्यानं लागोपाठच्या दोन वर्षांत दिली. गावानं ती किती मानली, हे मराठवाड्याला वेगळं सांगायला नको. १९७८ मध्ये विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला, तेव्हा इथे दलित वस्त्या पेटल्या, आणि त्यात नांदेड जिल्हाही होता. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला.

नांदेडकर म्हणून एक गोष्ट मात्र अभिमानानं सांगतो. याच शहरात सचखंड हुजूर साहिबचा लंगर आहे. तिथे जमिनीवर एकाच पंगतीत बसतात आणि शेजारी कोण हे कोणी विचारत नाही. आम्ही पहिल्यांदा एकत्र जेवलो ते तिथेच. पण लंगरात जेवून उठायचं असतं. दोन तास गप्पा मारत बसायला दुसरी जागा लागते.

तशी जागा देशात कॉफीनं दिली. सतराव्या शतकात बाबा बुदन यांनी येमेनहून सात बिया चिकमंगळूरच्या डोंगरावर आणल्या, अशी दंतकथा आहे. मराठी घरांत मात्र कॉफी पाहुण्यांपुरतीच राहिली, जायफळ किसून. १९३६ मध्ये मुंबईत चर्चगेटला पहिलं इंडिया कॉफी हाउस उघडलं. कॉफीचा खप वाढवायला काढलेली ती सरकारी दुकानं होती. पन्नाशीच्या दशकात कॉफी बोर्डानं ती बंद करायला घेतली, तेव्हा कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या पाठिंब्यानं कामगारांनी सहकारी संस्था काढल्या आणि १९५७ पासून कॉफी हाउस स्वतः चालवायला घेतली. वेटरच मालक झाले. आणीबाणीत, १९७६ मध्ये, दिल्लीतलं कॉनॉट प्लेसचं कॉफी हाउस पाडलं गेलं. चार्ल्स राजाची भीती तीनशे वर्षांनी दिल्लीलाही सुटली नव्हती.

या सगळ्या टेबलांवर बाई फार उशिरा आली. आपल्या हॉटेलांत तिच्यासाठी ‘फॅमिली रूम’ होती: मागच्या बाजूला पडदा, नवरा-मुलं सोबत, आणि लवकर उठायचं. १९९६ मध्ये बंगळुरूच्या ब्रिगेड रोडवर कॅफे कॉफी डे सुरू झालं, तिथे इंटरनेटसुद्धा होतं. एका कपावर हवं तितकं बसा, ही सवय तरुणांना तिथून लागली. पुढे ती जिल्ह्याच्या गावांत उतरली. आता लातुरात औसा रोडला, नांदेडात श्रीनगरला शिकलेल्या पोरापोरींनी कर्ज काढून मशीन घेतलंय. ट्यूशनला आलेल्या दोघी मैत्रिणी एका कोल्ड कॉफीत दोन स्ट्रॉ टाकून फिजिक्स सोडवताना मी पाहिल्यात. ज्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथे आज कॉफीआधी पाण्याचा ग्लास न मागता येतो. हेही मी कमी मानत नाही.

तरी ही मोकळीक फुकट नाही. टपरीवरचा चहा दहा रुपयांना, इथली कॉफी सव्वाशेला. ज्याच्याकडे सव्वाशे नाहीत, त्या जोडप्याला अजूनही नदीचा घाट नाहीतर बसस्टँड. आणि गेल्या काही वर्षांत राज्यात अनेक ठिकाणी पडदे लावलेल्या कॅफेंवर पोलिसांचे छापे पडल्याच्या बातम्या येतात. गुन्हा घडत असेल तर पोलिसांनी यावंच. पण बातमीखालच्या कमेंट वाचा, लोकांचा राग पडद्यावर नसतो. मुलगा आणि मुलगी एका टेबलावर बसले, यावर असतो.

आमच्या शीटमध्ये एकवीसपैकी चौदा ठिकाणी ‘कोणी काही विचारलं का’ हा रकाना रिकामा आहे. सात ठिकाणी काय विचारलं तेही तिनं लिहून ठेवलंय: लग्न झालंय का, आधार कार्ड आहे का, कुठलं गाव. दोन ठिकाणी बिलावर टाकायला म्हणून आडनाव विचारलं. आपल्याकडे आडनाव कशासाठी विचारतात, हे ज्याला माहीत आहे त्याला सांगायला नको. ती अशा वेळी क्रिकेटपटूंची आडनावं देते. तेंडुलकर झालं, रहाणे झालं, आता बुमराह.

आमची खरी आडनावं एका पत्रिकेवर छापली, तर दोन्ही घरांत काय होईल, याचा अंदाज आहे. दिवाळीनंतर घरी सांगायचं ठरलंय. आधी आयांना सांगू, मग बापांना. आणि सगळ्यांना कोणाच्या घरी न बोलावता बाहेर भेटवायचं; यजमान कोण आणि पाहुणे कोण, हा प्रश्नच नको. परवा तिनं शीटमध्ये सातवा कॉलम टाकला: ‘दोन्ही घरची माणसं इथे एका टेबलावर चहा घेतील का’.

एकवीस ओळी आहेत. तो कॉलम अजून कोरा आहे.