जंतूंच्या कारखान्यांतील उघाडी

पावसाळ्याच्या तोंडावर आपण पेणच्या एखाद्या गणपतीच्या कारखान्यांत गेलांत, तर तेथें कामाची एक सांखळीच दिसेल. एकजण माती मळतो, दुसरा ती साच्यांत दाबतो, तिसरा मूर्तीचे सांधे साफ करतो, चौथा रंग देतो आणि पांचवा अगदीं शेवटीं डोळ्यांची आखणी करतो. आतां अशी कल्पना करा कीं, फळ्या तयार मूर्तींनीं भरून गेल्या आहेत आणि गिऱ्हाईक मात्र नाहीं. अशा वेळीं शहाणा मालक कोणाचा हात थांबवील? आखणी करणाऱ्याचा थांबविला, तर बिनडोळ्यांच्या मूर्तींचा ढीग पडेल. रंगाऱ्याचा थांबविला, तर कोऱ्या मूर्तींचा. तो माती मळणाऱ्यालाच थांबवील.

हेंच शहाणपण डोळ्यांस न दिसणारे जंतु युगानुयुगें आचरीत आले आहेत. माणसाच्या ध्यानांत तें यावयास मात्र १९५० नंतरचीं वर्षें उजाडावीं लागलीं.

सर्व सजीवांचीं प्रथिनें मुख्यतः वीस अमिनो आम्लांचीं बनलेलीं असतात. त्यांपैकीं कांहीं आम्लें आपणांस अन्नांतूनच मिळवावीं लागतात. आपल्या आंतड्यांत राहणारा इ. कोलाय हा जंतु मात्र थोडी साखर व कांहीं क्षार मिळाले कीं विसांच्या वीस आम्लें स्वतः तयार करतो. प्रत्येक आम्लासाठीं त्याच्यापाशीं विकरांची, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनांची, सांखळी असते. मग ‘आतां पुरे’ असें या सांखळीला सांगतो कोण?

उत्तराचा एक धागा शिकागो येथें सांपडला. लिओ झिलार्ड हे मूळचे पदार्थवैज्ञानिक. अणूंच्या सांखळी-प्रक्रियेची कल्पना त्यांना १९३३ सालीं लंडनमध्यें सुचली होती. महायुद्धानंतर ते जीवशास्त्राकडे वळले. १९५४ सालीं त्यांनीं व अ‍ॅरन नोव्हिक यांनीं ट्रिप्टोफॅन हें आम्ल बनवूं न शकणाऱ्या जंतूंवरील प्रयोग प्रसिद्ध केले. या जंतूंची सांखळी मध्येंच तुटलेली असल्यामुळें अर्धवट पदार्थ बाहेर साचत असे. परंतु बाहेरून ट्रिप्टोफॅन घालतांच तें साचणें थांबे. तयार माल दिसतांच पहिला कामगार हात आंखडता घेत होता!

हा पहिला कामगार १९५६ सालीं हार्वर्ड येथें एडविन अंबार्गर यांनीं पकडून दिला. थ्रिओनिनपासून आयसोल्युसिन पांच पायऱ्यांनीं तयार होतें. त्यांतील पहिल्या पायरीचें विकर आयसोल्युसिनच्या सान्निध्यांत मंदावतें, असें त्यांना आढळलें. त्याच वर्षीं कॅलिफोर्नियांत येट्स व पार्डी यांना न्यूक्लिक आम्लांच्या घटकांच्या सांखळींतहि हाच नियम दिसला.

पण दार लागतें कसें? त्यासाठीं आपण पेणच्या खारेपाटांत किंवा रोह्याखालीं कुंडलिकेच्या खाडीकांठीं जाऊं. तेथें खारबांधांत उघाडी असते. भरती आली कीं खाडीचें पाणीच तिची झडप दाबून बंद करतें. ओहोटी लागली कीं शेतांतलें पाणी तीच झडप ढकलून बाहेर पडतें. पहारेकरी लागत नाहीं. विकराचेंहि तसेंच आहे. आयसोल्युसिन विकराच्या कामाच्या जागीं न बसतां दुसऱ्याच एका खांचेंत बसतें. त्यामुळें विकराचा आकार पालटतो व काम थांबतें. आयसोल्युसिन खर्ची पडलें कीं खांच मोकळी होते आणि काम पुन्हां सुरू होतें. पॅरिसच्या पाश्चर संस्थेंत जाँ-पिएर शांज्यू यांनीं १९६१ सालीं दाखविलें कीं, उष्णता देऊन हें विकर असें बिघडवितां येतें कीं तें काम करीत राहतें, पण आयसोल्युसिनचें ऐकत नाहीं. फरक इतकाच कीं, उघाडी बंद करणारें पाणी परकें असतें. जंतूंत मात्र दार लावणारा आपलाच तयार माल असतो.

ही झाली तांतडीची व्यवस्था. दुसरी सावकाशीची आहे. ट्रिप्टोफॅन विपुल असलें, तर त्या सांखळीचीं नवीं विकरें बनविणेंच जंतु थांबवितो; जणूं कारखान्यांत नवे कामगारच घेत नाहीं. जनुकांवरील या नियंत्रणाचा सिद्धांत फ्रान्स्वा झाकोब व झाक मोनो यांनीं १९६१ सालीं मांडला. १९६५ सालीं आंद्रे ल्वॉफ यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें.

झडप कुजली तर खारें पाणी शेतांत शिरतें आणि भातजमीन वायां जाते. बांधबंदिस्तीचें महत्त्व एवढें, कीं खार जमिनींसाठीं मुंबई सरकारनें १९४८ सालीं स्वतंत्र कायदा केला. जंतूंतील झडप मात्र माणसानें बुद्धिपुरस्सर निकामी केली! जपानमध्यें किनोशिता व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अमिनो आम्लें बनविणाऱ्या एका जंतूचा अभ्यास केला. या जंतूंत लायसिन व थ्रिओनिन या दोहोंनीं मिळूनच पहिलें दार लागतें. तेव्हां थ्रिओनिन बनवूं न शकणारे जंतु निवडावयाचे व त्यांना तें मोजकेंच द्यावयाचें. जोडीदारावांचून लायसिनला दार लावतां येत नाहीं, आणि तें भांड्यांत ओसंडून वाहूं लागतें. कोंबड्यांच्या खाद्यांत मिसळलें जाणारें लायसिन आज जंतूंकडूनच करून घेतलें जातें.

असा उधळ्या जंतु आपण पोसतों तोंवरच सुखी. उघड्या जगांत, जेथें साखरेचा प्रत्येक कण मिळवावा लागतो, तेथें तगतो तो वेळेवर दार लावणारा. पेणचा तो मालकहि, फळ्या भरल्या कीं, आधीं मातीकडेच वळतो.